दारू, गर्द, गोळ्या : घरची माणसं वारंवार विचारतात ते प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या कुटुंब गटात एखाददुसरं नवं माणूस येतं. बहुतेक बायका असतात. कधी एखादे वडील, चप्पल काढून दारातच घुटमळणारे. पहिली दहा मिनिटं कुणी तोंड उघडत नाही. मग एकीने सुरुवात केली की बाकीच्या माना हलायला लागतात, कारण प्रश्न सगळ्यांचे तेच. ते इथे लिहून काढलेत. मी डॉक्टर नाही. नवऱ्याच्या दारूपायी या गटात आले. त्याची सुटली, माझा गट सुटला नाही. आता चहा करते, वही ठेवते. औषधोपचाराचं जे लिहिलंय ते आमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारून विचारून पक्कं केलेलं आहे, पण तुमच्या माणसाला तपासल्याशिवाय त्यातलं काही परस्पर करू नका.

हे आमच्याच घरात का?

तुमच्या एकट्याच्या घरात नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाखांचं पिणं मदत लागावी इतकं पुढे गेलेलं आहे. मला त्या अहवालातला दुसराच आकडा लागला. दारूवाचून राहू न शकणाऱ्या ३८ माणसांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. एसटीची गाडी भरून माणसं घ्या, दवाखान्याच्या थांब्यावर उतरणारा एकच. बाकीची गाडी पुढे जाते.

महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या १३.९ टक्के पुरुषांनी दारू पितो असं सांगितलं. गोव्यात ३६.९ टक्क्यांनी. गोव्यात जास्त पितात हे खरंच, पण तिथे पिण्याची लाजही कमी आहे. आपल्याकडे पाहणीवाली बाई ओसरीवर बसून विचारणार, आत सासू कान देऊन ऐकणार, आणि माणूस 'हो, रोज क्वार्टर लागते' म्हणणार? आमच्याकडे कुणी आलं असतं तर 'आमच्यात कुणी घेत नाही' असं मीच चहाचा कप पुढे करत सांगितलं असतं.

तो रोज पीत नाही, शनिवारीच घेतो. त्याला व्यसनी म्हणायचं का?

वार मोजू नका. डॉक्टर साधारण चार गोष्टी विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं की राग येतो का? प्यायल्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्या उठल्या, हात थरथरायचा थांबावा म्हणून, घ्यावी लागली का? दोन 'हो' आले तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. चौथ्याचं उत्तर 'हो' असेल तर उद्याच जा.

आमच्या घरात मला पहिल्यांदा कळलं ते बशीवरून. हा सकाळचा चहा बशीत ओतून प्यायचा, लहानपणापासूनची सवय. एके दिवशी बशी कपावर वाजायला लागली. मग त्याने बशी सोडली आणि कप दोन्ही हातांनी धरायला लागला. मला वाटलं, थंडी आहे. एप्रिल महिना होता.

बिअर म्हणजे काही दारू नव्हे ना?

हिशोब मांडू. ३० मिलीचा एक छोटा पेग, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. आता ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली घ्या, ८ टक्क्यांची. त्यात ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे 'मी फक्त एक बिअर घेतली' म्हणणाऱ्याने चार छोटे पेग घेतलेले असतात. क्वार्टरमध्ये असे सहा पेग बसतात.

लिव्हर तासाला साधारण एक छोटा पेग निपटतं. ते घाई करत नाही. लिंबू पिळा, ताक पाजा, डोक्यावर बादली ओता, फरक पडत नाही. नऊ वाजता सुरू केलेली क्वार्टर अंगातून जायला पहाटेचे तीन वाजतात. दोन क्वार्टर मारून सकाळी सहाला स्कूल व्हॅन काढणारा माणूस आंघोळ केलेला, गंध लावलेला दिसतो, पण तो अजून प्यालेलाच असतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. तो तिच्या कितीतरी पुढे असतो.

शरीराचं नेमकं काय होतं?

सगळे लिव्हरचं नाव घेतात, आणि तेही उशिरा. पहिल्यांदा लिव्हरवर चरबी धरते. या टप्प्यावर दुखत-खुपत काहीच नाही, आणि दारू थांबवली तर काही आठवड्यांत ते बरंचसं पूर्ववत होतं. पुढे सूज, कावीळ. त्याच्याही पुढे सिरोसिस, म्हणजे लिव्हरला वण पडून ते कडक होणं. मग पोटात पाणी, पायावर सूज, रक्ताच्या उलट्या. गावाकडे 'पोट फुगून गेला' म्हणतात त्यातले बरेच जण हेच.

बाकीचं कमी ऐकायला मिळतं. स्वादुपिंडाची सूज, जिच्या कळा माणसाला गुडघे पोटाशी घेऊन लोळायला लावतात. तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. ब-१ जीवनसत्त्व संपल्यामुळे मेंदूला इजा होते, मग माणूस झोकांड्या देत चालतो, डोळे स्थिर राहत नाहीत, कालचं आज आठवत नाही. लोक म्हणतात अजून उतरली नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, स्तन यांच्या कॅन्सरशी दारूचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या पंगतीत. 'हृदयाला थोडी चांगली असते' हे वाक्य मी डझनभर लग्नांत ऐकलंय. २०२३ मध्ये त्याच जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ सांगितलं की सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही.

बाईच्या अंगात तेवढीच दारू जास्त चढते आणि लिव्हरही लवकर बिघडतं, कारण शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं.

'उद्यापासून एक थेंब घेणार नाही' म्हणतोय. बंद करू दे ना?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांनी थरथर सुरू होते. घाम, मळमळ, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आधी कधी आली नसली तरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो, माणूस चादरीवरून काहीतरी वेचत बसतो. ताप चढतो, रक्तदाब वाढतो, आणि उपचार नसतील तर यात माणसं दगावतात.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी नवऱ्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली होती. चांगल्याच हेतूने, आणि त्याच्याच संमतीने; 'काही झालं तरी उघडू नकोस' म्हणाला होता. तिसऱ्या रात्री तो आतून 'साप, साप' ओरडायला लागला. भावकी जमली, बाहेरची बाधा ठरली, लिंबू उतरवून झालं. पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा जीभ चावून रक्ताने शर्ट भिजला होता. वाचला. आता तोच नवीन लोकांना सांगतो की आधी डॉक्टर.

दवाखान्यात हे पाच-सात दिवसांचं काम असतं. झोपेच्या गटातली औषधं मोजून देतात आणि रोज कमी करत आणतात, ब-१ ची इंजेक्शनं देतात. ग्लुकोजचं सलाईन आधी आणि ब-१ नंतर, असं होऊ नये. म्हणून गल्लीतल्या कंपाउंडरकडून 'जरा ग्लुकोज लावून द्या' करू नका. आणि मेडिकलमधून स्वतः झोपेच्या गोळ्या आणून तर अजिबात नको. त्यांची सवय दारूएवढीच घट्ट बसते.

जेवणात गुपचूप टाकायचं औषध मिळतं, ते देऊ का?

नको. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' लिहिलेलं असतं आणि खाली मोबाइल नंबर. त्या पुडीत काय आहे हे कुणीच सांगत नाही. काहींत डायसल्फिराम असतं. ते घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असेल तर मरणही येऊ शकतं. हेच औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, तपासून, सही घेऊन. ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. तीही डॉक्टरनेच ठरवायची.

शिवाय भाजीत औषध घातलंय हे एक ना एक दिवस कळतं. मग तो घरी जेवायचाच थांबतो.

पंढरीला नेऊन माळ घातली, तरी काही महिन्यांत प्यायला. देवाचीही भीती नाही का?

आहे. म्हणूनच तो माळ खुंटीला काढून ठेवून मग गुत्त्यावर गेला.

माळेने दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, थट्टा करत नाही. पण नीट बघा, त्यांना माळेबरोबर काय मिळालं. पहाटेचा हरिपाठ, एकादशीची सोबत, संध्याकाळी सातला जायला एक जागा, चार माणसं जी 'आज दिसला नाहीस' म्हणून दार वाजवतात. ज्याला नुसती माळ मिळाली आणि संध्याकाळचे सात वाजता जुनेच मित्र मिळाले, त्याचं गळ्यातलं तुटलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथही तशीच. घेताना तो खोटं बोलत नसतो, तेव्हा त्याला खरंच तसं वाटत असतं. पण ओढ ही मेंदूत झालेल्या बदलाची गोष्ट आहे, ती शपथ ऐकत नाही. फक्त शपथ मोडल्यावर आता त्याच्याकडे प्यायला आणखी एक कारण असतं, ते म्हणजे लाज. मुलाचं डोकं या कामी वापरू नका, एवढंच म्हणेन. मुलगा पुढे आयुष्यभर मोजत बसतो की माझ्यावरचं प्रेम कमी पडलं का.

आमचा मुलगा दारूला शिवत नाही, पण काहीतरी घेतो. काय असेल?

पुण्यात आमच्या आधीच्या पिढीने गर्द, म्हणजे कच्चं हेरॉइन, पाहिलं. १९८० च्या दशकात ब्राऊन शुगर शहरात शिरली आणि चांगल्या घरातली मुलं भांडी विकताना सापडायला लागली. त्या लाटेतूनच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला पु. ल. देशपांड्यांच्या पाठबळाने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुढे तिथे दारूचेच रुग्ण जास्त यायला लागले.

आताची नावं वेगळी. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पोरांच्या भाषेत 'म्याऊ म्याऊ'. २०१५ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आपल्याच औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत ते बनताना सापडलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत प्रचंड साठा पकडला. मालेगावकडे झोपेच्या गटातल्या गोळ्यांना 'कुत्ता गोळी' म्हणतात, संभाजीनगरात 'बटन'. कोडीनचं खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली पितात. जिममध्ये ताकदीसाठी म्हणून रक्तदाब वाढवणारं इंजेक्शन विकलं जातं, आणि आया कौतुकाने सांगतात की पोरगा व्यायामाला जातो. लहान मुलांत व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन. ती एकच नशा अशी की एम्सच्या पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये तिचं प्रमाण जास्त निघालं, १.७ टक्के.

खुणा? एमडीवाला दोन-दोन रात्री जागतो, जेवत नाही, जबडा चावत राहतो, वजन उतरतं, मग दिवसभर मेल्यासारखा झोपतो. पुढे पुढे कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटायला लागतं. गर्दवाल्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, बाथरूममध्ये तास तास जातात, आणि घरात अॅल्युमिनियम फॉइलचे काळे पडलेले तुकडे सापडतात. सोल्यूशनवाल्याच्या रुमालाला वास येतो. पण मुलगा नुसता चिडचिडा झालाय, दार लावून बसतो, एवढ्यावरून ठरवू नका. ते वयाचंही असतं.

गर्द किंवा गोळ्या घेऊन बेशुद्ध पडला तर?

श्वास मंद झालाय, ओठ निळसर, हलवूनही उठत नाही: १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, एकटं सोडू नका. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. अफूच्या जातीच्या नशेवर नॅलोक्सोन नावाचं उतारा-औषध असतं, पण ते द्यायला डॉक्टरला कळायला तर हवं.

गांजा झाडाचाच ना? आणि भांग तर महाशिवरात्रीला चालते.

धोतराही झाडाचाच. भांग म्हणजे पानं, आणि ती १९८५ च्या केंद्राच्या अमली पदार्थ कायद्यात येत नाहीत. गांजा, म्हणजे फुलोरा, आणि चरस हे मात्र येतात. कायद्याची रेघ अशी आहे, मेंदूची रेघ वेगळी. पंधरा-सोळाव्या वर्षी रोज ओढणाऱ्यांत भास होण्याचा, सिझोफ्रेनिया उलगडण्याचा धोका वाढतो, घरात कुणाला मानसिक आजार असेल तर जास्तच.

उपचाराला नेलं तर पोलिसांत देतील का?

ही भीती मुलांना इतकी असते की ती अंगात विष घेऊन घरी बसतात. सेवन हा गुन्हा आहे हे खरं. पदार्थाप्रमाणे सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे: सेवनाचा किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. डॉक्टर रुग्णाची माहिती पोलिसांना पुरवत बसत नाहीत. विकण्याचं प्रकरण असेल तर मात्र वकील गाठा.

केंद्र चांगलं की वाईट, कसं ओळखायचं?

माझ्या धाकट्या भावाला आम्ही एका खासगी ठिकाणी ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. 'गाडी पाठवतो, तुम्ही फक्त दार उघडा' म्हणाले. चार पोरं आली, त्याला उचलून घेऊन गेली. 'दीड महिना फोन नाही, भेट नाही, त्यानेच फरक पडतो.' दीड महिन्याने तो बाहेर आला तेव्हा उजव्या घोट्याभोवती साखळीचा काळा वळ होता. तो माझ्याशी अजून त्या विषयावर बोलत नाही.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत, आणि त्या कायद्याने कुठल्याही रुग्णाला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. म्हणून आधी एकदा स्वतः जाऊन बघा. विचारा: मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय करता, कुटुंबाला भेटू देता का, नोंदणी कुठली आहे. स्वयंपाकघर आणि संडास बघा. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणाले की चप्पल घाला. आणि जिथे आधीचे बरे झालेले लोक कामाला आहेत, हसताना दिसतात, तिथे थोडा वेळ बसा.

पैसे नाहीत. कुठे जायचं?

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर नाममात्र. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर १४४४६, आणि मानसिक आरोग्याचा टेलिमानस १४४१६. गर्द टोचून घेणाऱ्यांसाठी सरकारी केंद्रांवर जिभेखाली ठेवायची गोळी फुकट मिळते, तिने चोरीमारी आणि सुई दोन्ही थांबतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीत होतात, फी नाही, नाव-आडनाव विचारत नाहीत. आरोग्य विम्याच्या भरवशावर मात्र राहू नका; बऱ्याच पॉलिसींत व्यसनाचा उपचार वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचून घ्या.

माझं काय चुकलं?

तुम्ही त्याला पाजली नाही. 'बायकोच्या कटकटीने पितो' हे सासरचं आवडतं वाक्य आहे, आणि तोही ते उचलतो, कारण सोयीचं आहे. कटकट संपली तरी तो पितो. मी सहा महिने तोंड शिवून पाहिलं.

पण एक गोष्ट आपण करतो. त्याच्या साहेबांना फोन करून 'ताप आलाय' सांगतो. गुत्त्यावरची उधारी भागवतो, म्हणजे अब्रू राहते. ओकलेलं तो उठायच्या आत पुसून ठेवतो. त्यामुळे सकाळी त्याला रात्र आठवतही नाही आणि दिसतही नाही. मी गाडीच्या डिकीतून, गव्हाच्या डब्यातून, संडासच्या टाकीतून बाटल्या शोधून मोरीत ओतायचे. तो नवी आणायचा. ते पैसे घरातलेच. आमच्या गटात शिकवलं ते असं: बाटली शोधू नकोस. साहेबांना फोन करू नकोस. प्यालेला असताना वाद घालू नकोस, भिंतीशी बोलल्यासारखं आहे. सकाळी, शुद्धीत असताना, काल काय झालं ते रडारड न करता सांग. पगार झाला की रेशन, फी, भाडं आधी बाजूला काढ.

मी फोन करायचं बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याला कामावरून नोटीस आली. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ती नोटीस खिशात घेऊनच तो पहिल्यांदा दवाखान्यात गेला.

मारहाण होत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. आधी घराबाहेर पडा. ११२, किंवा महिलांसाठी १८१. आजार आहे म्हणून मार सोसायचा नसतो.

दारूबंदी केली तर प्रश्न सुटेल का?

यावर आमच्या गटात भांडणं होतात. वर्धा जिल्हा गांधीजींच्या पुण्याईने १९७० च्या दशकापासून कोरडा. गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ मध्ये बंदी आणली, डॉ. अभय आणि राणी बंग त्यात पुढे होते. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. विरोधक म्हणतात, बंदीत चोरटी येते, महाग येते. येते. पण गडचिरोलीने तिथेच सोडलं नाही. २०१६ पासून 'मुक्तिपथ'मध्ये गावोगावच्या बायकांच्या संघटना, दवाखाने, खर्रा आणि दारू दोन्हींविरुद्ध काम, असं एकत्र चाललंय. नुसती बंदी आणि बंदीमागे माणसं, यात फरक पडतो असं माझं मत.

बाकी महाराष्ट्रात 'आडवी बाटली'ची, म्हणजे मतदान करून दारूचं दुकान बंद पाडायची सोय आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या चौथाई महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की मतदान होतं. गोम अशी की यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. आलेल्यांच्या निम्म्याने भागत नाही. ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, मेलेली पण नाव न कटलेली, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

आणि गंमत म्हणजे, राज्यात अजूनही १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे. प्यायला परवाना लागतो, म्हणून तर 'परमिट रूम'. व्हिस्की-रमसाठी वय २५ पूर्ण, बिअर-वाइनसाठी २१. परवाना दाखवून प्यायलेला माणूस मला अजून भेटायचाय.

हातभट्टी देशीपेक्षा शुद्ध असते म्हणतात.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. कारण दारूत मिसळलेलं मिथेनॉल, हे विषारी अल्कोहोल. रंग, वास, चव यांवरून ते ओळखता येत नाही. त्रास अर्ध्या-एक दिवसाने सुरू होतो: पोटात कळ, धाप, डोळ्यांसमोर धुकं. 'उतरली नाही' समजून झोपवू नका. तासातासाला दृष्टी जाते. डायलिसिस असलेल्या दवाखान्यात न्या.

सात महिने छान होता, परवा परत प्यायला. सगळं वाया गेलं?

आमच्याकडे याला 'स्लिप' म्हणतात आणि नोंदवहीत तारीख लिहितात, बस. साखरेच्या रुग्णाने लग्नात गुलाबजाम खाल्ला म्हणून आपण इन्सुलिन बंद करत नाही. पहिल्या वर्षात हे बऱ्याच जणांचं होतं. कधी झालं ते नीट आठवा: पोळ्याला का, बोनसच्या दिवशी का, निवडणुकीच्या रात्री फुकट मिळाली म्हणून का, की कुणी 'आता तर बरा झालास, एकाने काय होतं' म्हणालं? त्या दिवसाची पुढच्या वेळी आधीच सोय करायची. माझ्या नवऱ्याच्या तीन झाल्या. तिसरी बहिणीच्या लग्नात, आणि पेग हातात देणारे नवरदेवाचे काका होते. तेव्हापासून आम्ही लग्नाला जेवायच्या वेळी जातो, आणि वरातीला नाही.

एक धोका लक्षात ठेवा. गर्दवाला काही आठवडे थांबून पुन्हा जुन्याच प्रमाणात घेतो, तेव्हा शरीराला त्याची सवय उरलेली नसते. सुटून आल्यावर पहिल्याच वेळी मरणारे असतात ते यामुळे. हे त्याला तोंडावर सांगा.

गटाला यायचं तर काय आणावं लागतं? नवऱ्याने यायला नकार दिलाय.

काही नाही. त्याने नाही म्हटलं तरी तुम्ही या. माझा पहिल्या चार महिन्यांत आला नव्हता, मी एकटी यायचे. मुलं लहान असतील तर घेऊन या, मागच्या खोलीत खडू आणि पाटी आहे. नाव सांगायची सक्ती नाही, बोलायची तर नाहीच. साडेसहाला सुरू होतं. चहाला साखर कमी-जास्त हवी असेल तेवढं मात्र आल्याबरोबर सांगा, कारण मी एकदाच टाकते.